ओलं कापड आणि एकच पॉकेट

पंधरा बॉल, सहा पॉकेट, आणि त्यातलं तुमच्या मालकीचं एकच. समोरच्याच्या मालकीचंही एकच, टेबलाच्या त्याच टोकाला, पलीकडच्या कोपऱ्यात. उरलेल्या चारांत बॉल गेला तर त्याचा कुणालाच लाभ नाही. तो उचलून पुन्हा स्पॉटवर ठेवायचा. चुकून समोरच्याच्या पॉकेटात गेला तर तो त्याच्या खात्यात जमा. फाऊल केलात तर कमावलेला एक बॉल परत टेबलावर. ओळीने तीन फाऊल झाले तर गेम गेला. आपल्या पॉकेटात आठ बॉल आधी घालेल तो जिंकला. वन पॉकेट या पूलच्या प्रकाराचे नियम एवढ्यात संपतात. खेळ मात्र लवकर संपत नाही. एकेक गेम तासभर चालू शकतो, आणि त्यातला बराचसा वेळ कुणी बॉल पॉकेट करण्याच्या खटपटीतही नसतं. दोघंही एकमेकांची वाट बंद करत असतात.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'डाव' असा कळवला तेव्हा मला आधी हाच खेळ आठवला. कुस्तीवर, बुद्धिबळावर, राजकारणावर लिहिणारे पुष्कळ निघतील. पण क्यू धरून खेळायच्या खेळांत इतका खोल डाव असतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. पूल म्हणजे कॉलेज बुडवलेल्या पोरांचा उद्योग, अशीच आपली समजूत. शिवाय या खेळात निम्मा डाव खेळाडूच्या डोक्यात आणि निम्मा टेबलात असतो: दगडावर ताणलेल्या कापडात, कुशनच्या रबरात, खोलीतल्या हवेत. हे बघायचं तर बंद काचांच्या थंडगार हॉलपेक्षा पावसातलं टेबल गाठायला हवं. म्हणून मावळ निवडलं, आणि मावळातलं आंबी.

गाळ्यावरची खोली

तळेगाव दाभाडे स्टेशनवर लोकलमधून उतरायचं, वराळ्याच्या अंगाने इंद्रायणी ओलांडायची, की आंबी. डी. वाय. पाटील यांच्या शैक्षणिक संस्थांचं आवार, नवलाख उंबऱ्याकडे जाणारा रस्ता, एमआयडीसीत ये-जा करणाऱ्या कामगारांच्या बस, आणि या सगळ्याच्या मधे टिकून राहिलेली भाताची खाचरं. पश्चिमेला लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पूर्वेला पुण्यात सातशेच्या आसपास. आंबी या दोहोंच्या मधे आहे. श्रावणात सरी थांबल्या तरी हवेतली ओल हटत नाही. हॉस्टेलच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत नाहीत, बरणीतलं मीठ दगड होतं, आणि दुकानांच्या गाळ्यांवर पहिल्या मजल्यावर ठेवलेली पूलची टेबलं जड होतात.

तिथल्या एका पार्लरमध्ये दोन टेबलं आहेत. एकाचा तळ प्लायवुडचा, दुसऱ्याचा दगडाचा. प्लायवुडच्या टेबलावर नवी पोरं खेळतात. ते पावसाळ्यात फुगतं आणि त्याच्या मध्यभागी एक उथळ खळगा तयार होतो. संथ बॉल तिथे आला की रस्ता सोडतो. दगडाचं टेबल आठ फुटी. त्याच्यासाठी रांग असते. भिंतीवर 'येथे पैसे लावून खेळू नये' अशी पाटी, तिच्याखाली स्कोअर लिहायचा फळा, आणि फळ्याच्या कडेने भिंतीत उतरलेल्या ओलीचा पट्टा.

माझ्यासोबत पुण्याच्या कॅम्पातल्या एका जुन्या क्लबात हयात काढलेले निवृत्त मार्कर होते. मार्कर म्हणजे क्लबाच्या बिलियर्ड्स रूमचा कारभारी. गुण मांडणारा, बॉल पुसणारा, कापडाची निगा राखणारा, आणि जोडीदार नसलेल्या मेंबराबरोबर खेळणाराही. त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं. पार्लरमधली पोरं पाच मिनिटांत त्यांना काका म्हणू लागली, तेच इथेही चालेल.

काकांनी आल्या आल्या क्यू उचलला नाही. आधी तळहात कापडावर टेकवला आणि तसाच ठेवला. मग वर पंखा बघितला, खिडकी बघितली, भिंतीचा पट्टा बघितला. पांढरा बॉल एका टोकाला ठेवून इतक्या हळू सोडला की पलीकडच्या कुशनला जेमतेम पोचावा. त्यांचं लक्ष सुरुवातीच्या प्रवासाकडे नव्हतंच, शेवटच्या हातभर अंतराकडे होतं. वेग मरत आला की टेबलाचा कल उघडा पडतो. तिथे बॉल किंचित खिडकीकडे सरकला. त्यांनी तो आडवा सोडून बघितला, तरीही खिडकीकडेच. "गवंड्याची पाणसळ आणा कुणीतरी," ते म्हणाले, "पण आज नको. आज असंच खेळू द्या."

मग त्यांनी दोन बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडात शेजारी शेजारी बसवले. पूलचा बॉल सव्वादोन इंचांचा असतो. दोन सहज मावले, वर थोडी फट राहिली, म्हणजे तोंड साडेचार इंचांहून मोठं. शेवटी एक बॉल समोरच्या कुशनवर मारला आणि तो कुठे परततो ते पाहिलं. अंदाजापेक्षा अलीकडे आला. दुसरा मारला. तोही अलीकडे. एवढी सगळी चौकशी झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा क्यूच्या टोकाला चॉक लावला.

कापडाची भाषा

पांढरा बॉल बरोबर मध्यावर मारला की तो लगेच गडगडत नाही. आधी घसरतो. कापड त्याला खालून धरू पाहतं, त्या घर्षणाने तो हळूहळू फिरू लागतो, आणि काही अंतरानंतर निव्वळ गडगडत जातो. त्या क्षणी त्याचा वेग सुरुवातीच्या पाच सप्तमांश उरलेला असतो, कापड कुठलंही असो. हा हिशेब भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. कापड ठरवतं ते एवढंच, की घसरणं किती अंतरात संपेल. कोरड्या, गुळगुळीत, नव्या कापडावर बॉल बराच वेळ घसरतो. ओल्या, मळलेल्या कापडावर लवकर पकडला जातो.

खेळाडूच्या दृष्टीने यात सगळं येतं. पांढऱ्याला मागे ओढायचा स्क्रू शॉट घ्या. खाली मारलेल्या बॉलवरची उलटी फिरकी वाटेतच खर्च होते, आणि ओल्या कापडावर ती फारच लवकर संपते. मार्च महिन्यात टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला मारून बॉल हातभर मागे आणणारा मुलगा ऑगस्टमध्ये तोच फटका मारतो आणि पांढरा जागेवर थांबतो, नाहीतर पुढेच सरकतो. त्याला वाटतं आपला हात बिघडला. हात तोच असतो, फिरकी वाटेत गेलेली असते. काका त्याला म्हणाले, "बाळा, अजून खाली मार, किंवा जवळून मार. तिसरा उपाय नाही."

कुशनचंही तसंच. कुशनच्या रबरावरही कापडच असतं. ते दमट असलं की आदळलेल्या बॉलला क्षणभर जास्त धरतं. सरळ घासून पुढे निघून जायच्या ऐवजी बॉल आखडता कोन घेऊन बाहेर पडतो. दोन-तीन कुशन घेऊन जाणारा फटका असेल तर ही चूक प्रत्येक कुशनला वाढत जाते. नव्या, कोरड्या कापडावर याच्या उलट होतं, बॉल घसरून लांब जातो. वन पॉकेटमध्ये सरळ पॉकेट करायची संधी क्वचित मिळते. कुशनवरून उलटवून आपल्या पॉकेटकडे आणणं हाच पोटापाण्याचा फटका. त्यामुळे कोनातल्या या फरकाची किंमत इथे बाकी कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त मोजावी लागते.

तिसरी गोष्ट मळाची, आणि ती सहसा कुणी लक्षात घेत नाही. दोन बॉल एकमेकांना चाटून जातात तेव्हा त्यांच्यातही घर्षण असतं. ते मारलेल्या बॉलला आपल्या दिशेने थोडं ओढतं, म्हणून कट लावलेला बॉल अपेक्षेपेक्षा कमी कापला जातो. फटका जितका संथ तितकी ही ओढ जास्त. घामट हातांनी उचललेले, चॉकची पूड बसलेले बॉल असतील तर विचारूच नका. वन पॉकेट जवळपास सगळाच संथ फटक्यांचा खेळ. आंबीच्या त्या पार्लरमध्ये काकांनी मालकाकडून स्वच्छ फडकं मागून घेतलं आणि पंधराच्या पंधरा बॉल स्वतः पुसले.

स्नूकरच्या टेबलाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या लोकरी कापडाला लव असते, आणि ती बॉक टोकाकडून, म्हणजे खेळ सुरू होतो त्या टोकाकडून, काळ्या बॉलच्या टोकाकडे झोपवलेली असते. आडवा जाणारा संथ बॉल लवेच्या दिशेने वाहतो. लवेच्या दिशेने जाताना उजवी साइड, म्हणजे उजवी फिरकी, लावलेला बॉल उजवीकडे वळतो, उलट दिशेने परतताना तीच साइड त्याला डावीकडे नेते. म्हणून कापडावर ब्रश फिरवायचा तो एकाच दिशेने, आणि त्यामागून इस्त्रीही त्याच दिशेने. इस्त्रीने लव बसते आणि ओलही निघते. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत टेबलाच्या दगडाखालीच उष्णता देणारी यंत्रणा बसवलेली असते, म्हणजे बाहेर काहीही हवामान असो, कापड कोरडंच. अमेरिकन पूलवर अलीकडे बिनलवेचं, घट्ट विणीचं कापड वापरतात. ते वेगवान असतं, आणि ओल लागली की त्याच्यातला बदल अधिकच जाणवतो.

पैसा लागला की

अमेरिकेत वन पॉकेट पैजेच्या आधारानेच वाढला. इलिनॉय राज्यातल्या जॉन्स्टन सिटी नावाच्या लहान गावात जॅन्स्को बंधूंनी १९६१ साली देशभरातल्या पैज मारणाऱ्या खेळाडूंना एकत्र बोलावलं आणि स्पर्धा भरवली ती वन पॉकेटची. जॉनी व्हेव्हिस जिंकला. पॉल न्यूमनचा 'द हसलर' हा चित्रपटही त्याच वर्षी आला आणि पूलची चर्चा घराघरांत पोचली. जॉन्स्टन सिटीत दिवसाच्या स्पर्धेइतकंच आकर्षण रात्रीच्या पैजांचं असे. १९७२ साली केंद्रीय यंत्रणेने तिथे धाड घातली आणि तो मेळा संपला. खेळ टिकला. १९९९ पासून भरणाऱ्या डर्बी सिटी क्लासिक या स्पर्धेत वन पॉकेटचा स्वतंत्र किताब असतो, आणि फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस यांनी तो अनेकदा जिंकला आहे.

पैजेला हाच प्रकार का मानवतो? एक म्हणजे नशिबाला वाव कमी. नाइन बॉलमध्ये एक बॉल भलत्याच पॉकेटात पडूनही गेम जिंकता येतो. इथे भलत्या पॉकेटाला किंमतच नाही. दुसरं, असमान खेळाडूंना समान करणं सोपं. बलवानाने नऊ बॉल घालायचे, दुबळ्याने सात, असं ठरवता येतं. आणि हे ठरवतानाच मोठ्या सामन्याचा खरा पहिला डाव खेळला जातो. कुठल्या टेबलावर, कापड किती जुनं, पॉकेट किती रुंद, बॉल कोणते, एसी चालू की बंद, मधे ब्रश मारायचा की नाही. घट्ट पॉकेट आणि संथ कापड मिळालं तर सावध खेळाडूला एका बॉलची सवलत न मागताच मिळते. वेगवान कापड आणि रुंद पॉकेट असेल तर एका खेपेला पाच-सहा बॉल घालणाऱ्या आक्रमक खेळाडूचं फावतं. साठच्या दशकात रॉनी ॲलन यांनी असा जोरकस, धोका पत्करणारा वन पॉकेट खेळून जुन्या सावध पठडीला हादरे दिले. तोवर हा खेळ कोंडीचाच समजला जाई.

आंबीत लाखांच्या पैजा नाहीत, असू नयेतही. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो, तरी मालकाने पाटी लावून ठेवली आहे आणि तो ती पाळून घेतो. इथला रिवाज महाराष्ट्रातल्या कुठल्याही पार्लरमधला: हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. घरून महिन्याचे मोजके पैसे येणाऱ्या पोराला सलग तीन तास हरणं म्हणजे मेसच्या पैशांना हात घालणं. तेव्हा त्याच्यापुरती ही पैज मोठीच असते, आणि त्याचं मनगट आखडतं तसंच, जसं मोठ्या खेळाडूचं आखडत असेल.

हे आखडणं मी तिथे पुन्हा पुन्हा बघितलं. दडपणाखाली खेळाडू फटका पूर्ण करत नाही. क्यू पुढे नेता नेता आवरता घेतो, आणि बॉल कमी वेगाने निघतो. वेगवान टेबल ही भीती झाकून घेतं, बॉल कसाबसा पोचतो. जड टेबल ती झाकत नाही. बॉल पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबतो आणि समोरच्याला आयता मिळतो. माझ्या मते पावसाळी टेबलावर हरणारे बहुतेक नेम चुकून हरत नाहीत. त्यांना वेगाचा अंदाज येत नाही, आणि अंदाज आला तरी तेवढं जोरात मारायचं धाडस होत नाही.

कोंडी आणि सुटका

वन पॉकेटची सुरुवात पाहण्यासारखी असते. नेहमीच्या पूलमध्ये ब्रेक म्हणजे धाडकन आवाज आणि चौफेर उधळलेले बॉल. इथे ब्रेक करणारा त्रिकोणाच्या टोकाच्या बॉलला हलकेच चाटून जातो. बॉल आपल्या पॉकेटच्या बाजूला कलावेत आणि पांढरा मात्र समोरच्याच्या बाजूच्या कुशनला चिकटून थांबावा, एवढंच त्याला हवं असतं. कुशनला चिकटलेल्या पांढऱ्यावर क्यू नीट टेकवता येत नाही. म्हणजे पहिल्याच फटक्यात समोरच्याच्या हातात मोडकी खेळी येते. जड कापडावर हा ब्रेक फार अवघड. बॉल पुरेसे कलत नाहीत, पांढरा कुशनच्या वीतभर अलीकडे थांबतो, आणि ब्रेक करण्याचा फायदा निम्म्याने घटतो.

पुढची लढाई जागेची. तुमच्या पॉकेटासमोर बॉल गोळा झाले की समोरच्याला ते हलवावेच लागतात, आणि ते हलवताना त्याला स्वतःचा काही फायदा करून घेता येत नाही. आघाडीवर असलेला शहाणा खेळाडू उरलेले बॉल टेबलाच्या वरच्या टोकाला, दोन्ही पॉकेटांपासून दूर पाठवून देतो. तिथून पॉकेट करणं दोघांनाही कठीण, पण घाई फक्त मागे पडलेल्याला असते. आता कापड विचारात घ्या. जड टेबलावर बॉल वर पाठवायला जोर लागतो, जोर लावला की पांढऱ्यावरचा ताबा सुटतो. त्यामुळे पावसाळी टेबलावर आघाडी टिकवणं कोरड्या टेबलापेक्षा कठीण. उलट हळू सोडलेला बॉल हवा तिथे मरतो, म्हणून पांढरा दुसऱ्या बॉलच्या पाठीशी दडवणं सोपं जातं. कुठला डाव महाग आणि कुठला स्वस्त हे असं हवामान ठरवतं. ज्याला हे पहिल्या गेममध्ये कळतं तो दुसऱ्या गेमपासून वेगळा खेळतो.

आणि हवामान सामन्यातच बदलतं. दुपारी रिकाम्या खोलीत एक वेग, संध्याकाळी भिजून आलेली पंधरा-वीस माणसं टेबलाभोवती उभी राहिली की दुसरा. पाऊस उघडून वारा सुटला, एसी लावला, की तासाभरात तिसरा. लांबलेल्या सामन्यात मधेच लय बदलल्यासारखी वाटते, ती पुष्कळदा कापड सुकल्यामुळे किंवा ओलावल्यामुळे बदललेली असते.

कॅरम खेळून आलेल्या मुलांना यातलं बरंच अंगभूत असतं. बोर्डावर ६० ते १०० वॉटचा दिवा टांगायचा तो उजेडासाठी, पण पावसाळ्यात त्याच दिव्याने बोर्ड सुका राहतो हे मराठी घरांतल्या पोरांना न शिकवता कळतं. पावडर गोळा झाली की स्ट्रायकर अडतो, मग जोर किती वाढवायचा, हेही. समोरच्याची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी असताना ती झाकून बसायची खोडही तिथलीच.

मार्करांचा वारसा

क्यूचा खेळ आपल्याकडे उपरा नाही. स्नूकर जन्मलं तेच १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याच्या खटपटीतून. पावसाने बाहेर पडता येत नाही, म्हणून मेसमध्ये बिलियर्ड्सच्या टेबलावर नवनवे खेळ जुळवले जात, त्यातलंच हे एक. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम मांडले गेले. पुण्याचा वाटा तर फारच मोठा. विल्सन जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ चा, पुण्यातला. १९५८ मध्ये कलकत्त्यात त्यांनी हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद मिळवलं, आणि कुठल्याही खेळात जागतिक किताब जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो पुन्हा जिंकला. राष्ट्रीय बिलियर्ड्स विजेतेपद त्यांनी बारा वेळा मिळवलं. पंकज अडवाणी यांचाही जन्म पुण्याचाच, २४ जुलै १९८५ चा, जरी घडले ते बंगळुरात. जगज्जेतेपदांची त्यांची संख्या २०२४ मध्ये अठ्ठावीसवर गेली.

पूना क्लब, पीवायसी हिंदू जिमखाना, डेक्कन जिमखाना यांच्यासारख्या ठिकाणी टेबलं राखली गेली म्हणून हे शक्य झालं. ती राखणारी माणसं मार्कर होती. स्नूकरच्या टेबलाचा दगड पाच फरशांचा, टनाहून जास्त वजनाचा. दोन फरश्यांच्या सांध्यात नखाएवढी उंची राहिली तरी बॉल उडतो. तो सांधा भरणं, कापड ताणणं, ब्रश, इस्त्री, कुशन, ही सगळी कामं हातात बसायला वर्षं लागतात. काकांच्या पिढीतले बरेच जण उत्तम खेळत, पण त्यांची नावं विजेत्यांच्या फळ्यावर नाहीत. मला ही गोष्ट लागते. पूल पार्लर आता तळेगावात आहेत, लोणावळ्यात आहेत, कॉलेजांभोवती उघडतच आहेत. टेबल विकत मिळतं, ते राखणारा माणूस मिळत नाही, आणि मग पोरं फुगलेल्या प्लायवुडवर खेळून ठरवतात की आपल्याला हे जमणारं नाही.

तिसरा फाऊल

संध्याकाळी काकांनी दोघांना वन पॉकेट खेळायला बसवलं. दोघंही शेवटच्या वर्षाचे इंजिनीअरिंगचे विद्यार्थी, एक नांदेडचा, एक सांगलीचा. एरवी एट बॉल खेळणारे. नियम ऐकून नांदेडचा म्हणाला, "काका, यात मजा कधी येणार?" काका म्हणाले, "अर्ध्या तासाने." पैज नेहमीची: हरेल त्याने टेबलाचे पैसे.

नांदेडच्याचा हात मोकळा आणि नजर तेज. त्याने सुरुवातीलाच तीन बॉल लागोपाठ घातले. सांगलीचा लहानपणापासून वडिलांबरोबर कॅरम खेळलेला. तो फारसं काही घालत नव्हता, पण प्रत्येक फटक्यानंतर पांढरा अशा जागी सोडत होता की नांदेडच्याला टेबलाभोवती दोन चकरा माराव्या लागाव्यात. बाहेर पाऊस धरला, खिडकी अर्धी लावली गेली, खोली माणसांनी भरली. टेबल आणखी जड झालं. सहा-पाच अशी नांदेडच्याची आघाडी, आणि त्याच्या पॉकेटासमोर तीन बॉलची भिंत. सांगलीच्याला काहीच खेळता येईना.

त्याने पांढऱ्याला क्यूच्या टोकाने जेमतेम स्पर्श केला. पांढरा बोटभर सरकून भिंतीच्या पाठीशी बसला. कुठल्याच बॉलला लागला नाही. फाऊल. त्याने स्वतःच एक बॉल काढून स्पॉटवर ठेवला. सहा-चार.

"हे काय भावा? मुद्दाम?" नांदेडचा काकांकडे वळला.

"नियमात बसतं. आता तू काढ."

नांदेडच्यालाही तिथून काही दिसेना. त्यानेही पांढरा नुसता ढकलला. पाच-चार. सांगलीच्याने पुन्हा तेच केलं, पाच-तीन. नांदेडचाही पुन्हा, चार-तीन. आता दोघांच्याही नावावर ओळीने दोन-दोन फाऊल, आणि पाळी सांगलीच्याची. तिसरा झाला तर गेम संपला. पार्लरमधल्या दुसऱ्या टेबलावरचा खेळ थांबला होता, सगळे इकडे येऊन उभे होते.

सरळ वाट नव्हती. समोरच्या कुशनवरून येऊन बॉलला लागायचं, आणि त्यानंतर निदान एक बॉल कुशनला पोचवायचा, तरच फटका वैध. दुपारी काकांनी कुशनवर मारून पाहिलेले दोन बॉल या मुलाने टक लावून बघितले होते. त्याने नेम धरला, मग तो बॉलभर पलीकडे नेला, आणि पूर्ण हाताने मारलं. पांढरा कुशनवरून आखडत परत आला, भिंतीच्या कडेच्या बॉलला जाडसर लागला, तो बॉल कुशन गाठून थांबला. पांढरा वरच्या टोकाला निघून गेला. वैध फटका. त्याचे फाऊल पुसले गेले.

नांदेडच्याच्या नावावर दोन तसेच होते. त्याच्यापुढे सुरक्षित खेळी होती, काकांच्या डोळ्यांत ती मला दिसत होती. पण त्याने कुशनवरून आपल्या पॉकेटकडे उलटवायचा मोठा फटका घेतला, उन्हाळ्यातल्या कोनाने. बॉल अलीकडे वळला, टेबल ओलांडून आला आणि सांगलीच्याच्या पॉकेटच्या तोंडाशी उभा राहिला. सांगलीच्याने तो घातला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. सातव्याला संथ कट हवा होता आणि वाट लांबची. त्याने नेम खिडकीच्या उलट बाजूला थोडा सरकवला, बॉल शेवटच्या हातभरात खिडकीकडे ढळला आणि आत पडला. आठवा समोरच होता.

नांदेडच्याने टेबलाचे पैसे दिले आणि लगेच दुसरा गेम मांडायला घेतला. मालक काकांना बाजूला घेऊन विचारत होता, टेबलाची इस्त्री कुठे मिळेल, केवढ्याला पडेल. काकांनी त्याला पुण्यातल्या दुकानाचा पत्ता लिहून दिला, हे कापड बिनलवेचं आहे तेव्हा इस्त्री जेमतेम कोमट ठेवायची म्हणून बजावलं, पायांखाली घालायच्या पातळ पत्र्याच्या चकत्यांची मापं सांगितली, आणि मग भिंतीकडे बोट केलं. "पण आधी हा पाझर बंद करा. इस्त्रीचं दिवाळीनंतर बघू."